फेंगशुईतल्या पाच चाली

बीजिंगच्या जुन्या राजवाड्याची छपरं पिवळी आहेत. एका उंच जागेवरून पाहिलं तर पिवळ्या चकचकीत कौलांचा समुद्रच दिसतो. त्यात पूर्वेच्या बाजूला एक इमारत काळ्या कौलांची आहे. ते ग्रंथालय. छिएनलोंग बादशहानं सुमारे ३६ हजार खंडांचा एक महाकाय ग्रंथसंग्रह तयार करवून घेतला आणि तो ठेवायला १७७६ साली ही इमारत उभी केली. नाव वेनयुआन-ग. पुस्तकांचा वैरी आग. आगीला आवरतं पाणी. चिनी हिशोबात पाण्याचा रंग काळा. म्हणून कौलं काळी.

फेंगशुईतलं पंचतत्त्वांचं सगळं प्रकरण या एका छपरात आहे. एक वस्तू दुसरीला आवरते, आणि ती वस्तू प्रत्यक्ष हाताशी नसेल तर तिचा रंग, आकार किंवा आकडा तिच्या वतीनं उभा राहतो. आता यानं आग खरंच थांबते का, हा प्रश्न आहेच. त्याच्याकडे येऊ.

आधी एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण तो मराठीतच जास्त होतो. आपण ‘पंचतत्त्व’ हा शब्द ऐकला की आपसूक पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पंचमहाभूतं डोळ्यांपुढे येतात. चिनी यादी वेगळी आहे: लाकूड, आग, माती, धातू, पाणी. तिच्यात वायू नाही, आकाश नाही. उलट लाकूड आणि धातू आहेत, आणि आपल्याला ते विचित्र वाटतं. लाकूड कसलं मूलतत्त्व? ते तर पाणी, माती, ऊन यांतूनच होतं ना!

शंका अगदी रास्त. पण चिनी माणसानं हे पाच घटक ‘जग कशाचं बनलंय’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून मांडलेलेच नाहीत. मूळ शब्द आहे ‘वू-शिंग’. वू म्हणजे पाच आणि शिंग म्हणजे चालणं, जाणं. शब्दशः पाच चाली. ‘शांगशू’ या प्राचीन चिनी ग्रंथात या पाचांची ओळख करून दिली आहे, ती पाहा: पाणी भिजवतं आणि खाली उतरतं, आग भडकते आणि वर चढते, लाकूड वाकतं आणि सरळ होतं, धातू सांगाल तो आकार घेतो, मातीत पेरता येतं आणि पीक काढता येतं. कोण कशाचं बनलंय याचा तिथे उल्लेखही नाही. कोण काय करतं, एवढंच सांगितलंय.

म्हणून लाकूड म्हणजे फर्निचरचं सागवान नव्हे. लाकूड म्हणजे फुटवा, वर आणि बाहेर वाढण्याची चाल: वसंत ऋतू, पूर्व दिशा, हिरवा रंग, सकाळ. धातू म्हणजे त्याच्या उलट, आत आवळत जाण्याची, घट्ट होण्याची चाल: शरद ऋतू, पश्चिम, पांढरा रंग, सुगीनंतरची विळ्याची धार. आग म्हणजे दक्षिण, उन्हाळा, तांबडा. पाणी म्हणजे उत्तर, हिवाळा, काळा. माती मधोमध आणि पिवळी. सगळे ऋतू तिच्यावरून जातात आणि ती जागची हलत नाही. बादशहाची छपरं पिवळी का, हे आता सांगायला नको. बीजिंगमध्येच राजवाड्याच्या शेजारी भूमी आणि धान्य यांच्या देवतांचा एक चौकोनी ओटा आहे. त्यावर पूर्वेला हिरवट, दक्षिणेला तांबडी, पश्चिमेला पांढरी, उत्तरेला काळी आणि मध्ये पिवळी अशी पाच रंगांची माती पसरलेली असते. अख्खं साम्राज्य एका अंगणात.

जाता जाता, ग्रहांची चिनी नावंही याच पाचांवरून आहेत. मंगळ आगीचा तारा, बुध पाण्याचा, गुरू लाकडाचा, शुक्र धातूचा, शनी मातीचा.

आता खरा भाग, या पाचांमधली नाती. ती दोन प्रकारची आहेत. पहिलं जन्माचं. लाकूड जळून आग होते, आगीची राख होऊन माती होते, मातीच्या पोटात धातू सापडतो, धातूतून पाणी होतं, पाण्यानं लाकूड वाढतं. धातूतून पाणी कसं, इथे सगळेच अडखळतात. कोणी सांगतात धातू वितळला की पाण्यासारखा वाहतो, कोणी सांगतात थंड रात्री धातूच्या भांड्यावर दंव जमतं. मला दंव जास्त पटतं. पण खरं सांगायचं तर चक्र पूर्ण करायला कुठेतरी सांधा जुळवावाच लागतो, तो इथे जुळवलेला दिसतो.

दुसरं नातं आवरण्याचं. लाकडाची मुळं मातीला फोडतात, माती पाण्याला बांध घालते, पाणी आग विझवतं, आग धातू वितळवते, धातूची कुऱ्हाड लाकूड तोडते.

ही दोन चक्रं पाठ करायची गरज नाही. पहिलं लक्षात ठेवलं की दुसरं आपोआप येतं. लाकडाची लेक आग, आगीची लेक माती. म्हणजे माती ही लाकडाची नात, आणि लाकूड आवरतं मातीलाच. प्रत्येक जण आपल्या नातवंडाला आवरतो! चिनी पंडितही हे आई-लेकरांच्याच भाषेत सांगतात. त्यात पुढे एक गंमत आहे. पाण्यानं आगीवर हल्ला केला तर आगीचं लेकरू, म्हणजे माती, पाण्याला बांध घालून आईचा सूड घेतं. मराठी वाचकाला हे एकत्र कुटुंबाचं गणित समजायला वेळ लागू नये.

आणि प्रमाण सांभाळायचं. पाणी लाकडाला वाढवतं खरं, पण फार झालं तर ओंडका तरंगत वाहून जातो. लाकूड आगीला जन्म देतं, पण चुलीत सरपण कोंबलं की चूल धुमसून विझते. हे वाक्य ज्यानं कुणी पहिल्यांदा लिहिलं त्यानं स्वतः चूल पेटवलेली असणार.

ही जन्माची साखळी चिनी लोकांनी किती मनावर घेतली होती, याचं उदाहरण मिंग घराण्यात सापडतं. बीजिंगचा हा राजवाडा बांधवून घेणारा बादशहा झू दी. त्याच्या नावाच्या चिनी अक्षरात लाकडाचं चिन्ह आहे. मुलाच्या नावात आगीचं, नातवाच्या मातीचं, पणतवाच्या धातूचं, त्याच्या मुलाच्या पाण्याचं, मग पुन्हा लाकडाचं. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यानं हा क्रम पाळला. चक्र दोनदा पूर्ण फिरून परत लाकडावर आलं, आणि त्या लाकडाच्या पिढीतच १६४४ साली घराण्याची बीजिंगमधली सत्ता बुडाली. आजही मुलाच्या जन्मवेळेच्या कुंडलीत पाचांपैकी एखादं कमी निघालं तर ते नावातून भरून काढणारी कुटुंबं आहेत. ‘शिन’ या एका अक्षरात तर ‘सोनं’ किंवा ‘धातू’ हे चिन्ह तीनदा लिहिलेलं असतं. दुकानांच्या पाट्यांवर ते हमखास दिसतं.

आता घरात येऊ. जाणकार एखाद्या खोलीकडे पाहतो तेव्हा प्रत्येक वस्तूला तीन बाजूंनी वाचतो: ती कशाची आहे, कोणत्या रंगाची आहे आणि कोणत्या आकाराची आहे. उंच, सरळ, खांबासारखं ते लाकूड. टोकदार, त्रिकोणी ती आग. चौकोनी, बसकी ती माती. गोल तो धातू. नागमोडी ते पाणी. हे आकार मुळात डोंगरांवरून आलेत. च्यांगशी प्रांतातली जुनी परंपरा डोंगराच्या कडा वाचून जागा ठरवायची: सुळका दिसला तर आग, सपाट माथा दिसला तर माती. फूच्येन प्रांतातली दुसरी परंपरा होकायंत्र घेऊन दिशांचे हिशोब मांडणारी. आज जी फेंगशुई सांगितली जाते ती बहुतेक या दोहोंची मिसळ असते.

स्वयंपाकघराचं उदाहरण घेऊ. ओट्यावर गॅसची शेगडी आणि सिंक अगदी चिकटून असले तर फेंगशुईवाला नाक मुरडतो: आग आणि पाणी समोरासमोर. आता शेगडी तर हलवता येत नाही. मग तो मधे लाकूड ठेवायला सांगतो. का? पाणी लाकडाला वाढवतं आणि लाकूड आगीला. भांडणाऱ्या दोघांमध्ये दोघांचाही नातेवाईक बसवला की भांडण मिटतं. लाकडी फळी चालेल, हिरवी कुंडी चालेल. आपल्या घरात पोळपाट बहुतेक वेळा तिथेच टेकवून ठेवलेला असतो, तोही चालावा! आणि यात साधं शहाणपणही आहे: सिंक आणि शेगडी यांच्यात हातभर मोकळी जागा असली की गरम तेलात पाण्याचे शिंतोडे उडत नाहीत.

दुसरं उदाहरण जरा सूक्ष्म आहे. पश्चिमेची खोली, संध्याकाळचं ऊन थेट आत, त्यात लाल सोफा आणि भिंतीवर केशरी रंग. आग फार झाली. नवशिक्या म्हणेल, पाणी आणा, निळं-काळं काहीतरी ठेवा. मुरलेला माणूस तसं सहसा करत नाही. आग आणि पाणी यांची झुंज लावण्यापेक्षा तो आगीला लेकरू देतो, म्हणजे माती. लेकराचं करता करता आई थकते, तशी आग आपसूक मवाळ होते. मग मातीच्या कुंड्या, चौकोनी बसकं टेबल, मातकट जाड पडदे. सहा महिन्यांनी घरमालक सांगतो, खोली खरंच शांत वाटते. माझं मत विचाराल तर ते श्रेय जाड पडद्याचं आहे. पण एवढा सगळा विचार करत करत तो माणूस त्या पडद्यापर्यंत पोचला, हेही खोटं नाही.

हीच ‘लेकरू देऊन थकवण्याची’ युक्ती विंड चाइमच्या मागे आहे. होकायंत्रवाल्या परंपरेत नऊ ‘तारे’ घराच्या नऊ भागांतून दरवर्षी जागा बदलत फिरतात. त्यातले दोन, म्हणजे दोन आणि पाच या आकड्यांचे, मातीचे आणि त्रासदायक मानलेले. मातीचं लेकरू धातू. म्हणून त्या कोपऱ्यात धातूच्या नळ्या टांगायच्या, आणि नळ्या सहा, कारण या पद्धतीत सहा हा धातूचा आकडा. आता गंमत बघा. तारे दरवर्षी हलतात, तेव्हा चाइमही दरवर्षी हलवायला हवा. आपल्याकडे तो एकदा बाल्कनीत टांगला की दोरी कुजेपर्यंत तिथेच असतो. वर बरेचदा तो बांबूचा असतो, म्हणजे धातूचा हिशोब मुळातच बाद.

आकड्यांचं एक सांगून ठेवतो, कारण वेगवेगळ्या ठिकाणी वाचताना गोंधळ होतो. सहा हा एका मांडणीत धातूचा असला तरी दुसऱ्या, जास्त जुन्या मांडणीत तोच पाण्याचा आहे. छिन घराण्याच्या पहिल्या सम्राटानं इसवी सन पूर्व २२१ मध्ये चीन एकत्र केला तेव्हा आधीच्या चौ घराण्याला आग मानून त्यानं स्वतःला पाणी ठरवलं: काळी निशाणं, काळे पोशाख आणि मोजमापाला सहाचा आकडा. सत्ताबदलाला या पाचांच्या चक्रात बसवण्याचा सिद्धांत त्याच्या आधी त्सौ येन नावाच्या विचारवंतानं मांडला होता. म्हणजे घरातल्या कोपऱ्यांच्या आधी ही कल्पना राजकारणात वापरून झाली होती.

वास्तुशास्त्र आणि फेंगशुई एकाच काउंटरवर विकणाऱ्यांबद्दल बोलायलाच हवं. महाराष्ट्रात कासव, हसरा बुद्ध, तीन पायांचा बेडूक आणि श्रीयंत्र एकाच शोकेसमध्ये असतात. पण दोन्हींचे नकाशे जुळत नाहीत. आपल्याकडे आग्नेय दिशा अग्नीची, नावातच आहे. फेंगशुईत आग्नेय लाकडाची, आणि प्रचलित मांडणीत तो धनाचा कोपरा. लाकूड पाण्यानं वाढतं, म्हणून फेंगशुईवाला तिथे फिश टँक ठेवायला सांगतो. वास्तुशास्त्रात अग्नीच्या कोपऱ्यात पाणी हा दोष! ईशान्य आपल्याकडे पाण्याची, त्यांच्याकडे मातीची. दोन्ही शास्त्रं एकाच घरात पाळायची ठरवली तर माशांना रोज घर बदलावं लागेल.

याहून बोलकं उदाहरण दाराचं आहे. दक्षिणमुखी घर म्हटलं की आपल्याकडे अजूनही भाव पाडून मागितला जातो. ती यमाची दिशा. बीजिंगमध्ये दक्षिणेकडे तोंड असलेलं घर सर्वांत उत्तम. चौकाभोवती चारी बाजूंनी खोल्या असलेल्या तिथल्या पारंपरिक घरात वडीलधारी उत्तरेकडच्या, दक्षिणाभिमुख खोलीत राहायची. ‘दक्षिणेकडे तोंड करून बसणं’ याचा चिनी भाषेत अर्थच राज्य करणं, आणि होकायंत्राला तिथे म्हणतात ‘दक्षिण दाखवणारी सुई’. कारण भूगोलात आहे. बीजिंग ४० अंश उत्तर अक्षांशावर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली कललेला असतो आणि बोचरा वारा उत्तरेकडून येतो. दक्षिणेला खिडकी म्हणजे ऊन, उत्तरेला जाड भिंत म्हणजे ऊब. उत्तर थंड-काळ्या पाण्याची आणि दक्षिण आगीची का, याचं उत्तर कुठल्याही बीजिंगकराच्या जानेवारीतल्या पाठीला माहीत आहे. मुंबई १९ अंशांवर आहे, आणि आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. तिथली दिशांची यादी उचलून इथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेला चिकटवली, तर तिच्यातलं ऊन आणि वारा तिथेच राहून गेलेले असतात.

एक पळवाट अमेरिकेत निघाली. तिथे १९८०च्या दशकात थॉमस लिन युन यांनी होकायंत्र बाजूला ठेवून घराचा नकाशा मुख्य दारापासून मांडायची पद्धत रुजवली. दारातून आत येताना डावीकडचा पलीकडचा कोपरा धनाचा, मग तो खऱ्या कुठल्याही दिशेला असो. इंग्रजीतून आपल्याकडे आलेल्या पुष्कळ सल्ल्यांचं मूळ तिथे आहे. तेव्हा दोन लेखांत दोन वेगळे ‘धनाचे कोपरे’ सापडले तर तुमचं वाचन चुकलेलं नाही. पद्धती दोन आहेत.

आणि होकायंत्रवाल्यांच्या हिशोबानं २०२४ ते २०४३ हा वीस वर्षांचा ‘नववा कालखंड’ चालू आहे. तो आगीचा. त्याआधीची वीस वर्षं मातीची होती. त्यामुळे येती काही वर्षं लाल आणि जांभळ्या वस्तूंची दुकानात चलती असेल, एवढं भाकीत मीही करू शकतो.

मग त्या काळ्या कौलांचं काय? वेनयुआन-गचा नमुना निंगबो शहरातल्या एका खासगी ग्रंथालयावरून घेतला होता. थिएनयी-ग त्याचं नाव, सोळाव्या शतकात बांधलेलं. ‘आकाशाचा एक पाण्याला जन्म देतो, पृथ्वीचा सहा ते पूर्ण करतो’ या जुन्या वचनावरून ते नाव आलं. म्हणून वरचा मजला एकच सलग दालन आणि खालचा सहा खणांचा. सगळी इमारतच पाण्याचा आकडा. पण मालकानं एवढ्यावर भागवलं नाही. समोर खरं तळं खणलं. बीजिंगच्या ग्रंथालयापुढेही पाण्याचं कुंड आहे, आणि राजवाड्याच्या अंगणांत कांस्याचे नि लोखंडाचे प्रचंड रांजण भरून ठेवलेले असत. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून त्यांच्याखाली निखारे पेटवत. आग ठेवायची ती पाणी पाणीच राहावं म्हणून!

दिशा, रंग, आकडे यांचा काटेकोर हिशोब करून बांधलेला तो राजवाडा १४२० मध्ये पुरा झाला. पुढच्याच वर्षी वीज पडून त्याची समोरची तिन्ही मुख्य दालनं जळाली. पाच चालींमुळे धन येतं, आजार जातो, लग्न जमतं, याला काही पुरावा नाही. आणि जो ते पैसे घेऊन सांगतो त्याच्याकडून पावती मागायला हरकत नसावी. खोलीत काय जास्त झालंय आणि काय कमी आहे, हे बघायची नजर मात्र या हिशोबातून येते, आणि ती फुकट आहे.

गृहप्रवेशाला हमखास येणारी ती काचेच्या भांड्यातली ‘लकी बांबू’ची जुडी घ्या. आता तुम्हाला ती वाचता येईल. हिरवी खोडं म्हणजे लाकूड, भांड्यातलं पाणी, तळाचे गोटे म्हणजे माती, लाल फीत म्हणजे आग, फितीला लटकवलेलं नाणं म्हणजे धातू. पाचही हजर. बांबू मात्र तो नाहीच. ते ड्रसीना नावाचं झाड आहे आणि मूळचं आफ्रिकेतलं. थेट ऊन त्याला सोसत नाही, पानं करपतात. पाणी दर आठवड्याला बदला आणि भांडं आतून घासून घ्या. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, आणि त्यांना उत्तर-दक्षिण काही कळत नाही.